झोप लागत नसेल तर सुरुवात सकाळपासून करा

रात्री झोप येत नाही असे कुणी म्हटले की आपल्याकडे उत्तरे तयारच असतात. गरम दूध पी, जायफळ उगाळून घे, तळपायांना तेल चोळ, रामरक्षा म्हण. यातले काहीच वाईट नाही, काही गोष्टी मी स्वतःही करते. पण ही सगळी उत्तरे रात्री दहानंतरची आहेत. महिनोन्महिने जागणाऱ्या माणसाचे बिनसलेले असते ते बहुधा त्याआधीच्या पंधरा-सोळा तासांत. तो सकाळी कधी उठला, उजेडात किती राहिला, दुपारी किती झोपला, शेवटचा चहा कधी घेतला, जेवला किती वाजता, आणि झोप नसताना अंथरुणात किती वेळ पडून राहिला, हे आधी बघायला हवे. म्हणून हे मार्गदर्शन सकाळपासून सुरू करून रात्रीपर्यंत नेले आहे, आणि आपल्या गोव्यातल्या घरांची दुपार, आपले जेवण, आपले उत्सव डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आधी नेमके काय होते आहे ते पाहा

झोपायला वेळ आणि जागा आहे, तरी झोप लागत नाही, किंवा मध्येच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, किंवा पहाटे फार लवकर जाग येते, आणि त्यापायी दिवसा थकवा, चिडचिड, विसराळूपणा येतो. हे आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ चालले, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या, लग्नकार्याच्या, घरात कुणी गेल्याच्या दिवसांत उडालेली झोप बहुतेकदा आपोआप परत येते. तेवढ्यासाठी घाबरून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढते. घरातली बाई रात्री अकरापर्यंत भांडी-ओटा आवरते आणि पहाटे पाचला नळाचे पाणी भरायला, डबे करायला उठते. पाठ टेकताच तिचा डोळा लागतो. तिला झोप अपुरी मिळते, पण याला निद्रानाश म्हणता येणार नाही, आणि पुढचे उपाय तिच्या कामाचे नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणी रात्रीची भांडी घासली तर तिला पाऊण तास जास्त मिळेल. कुठल्याही काढ्याने होणार नाही एवढा फरक त्याने पडेल.

झोपेचे गणित दोन गोष्टींवर चालते. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ते मांडले आणि आजही ते टिकून आहे. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे, तितके मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि तितकी झोप अनावर होते. दुसरी गोष्ट शरीराचे घड्याळ. ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते आणि अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक, स्रवायला लावते. पुढची प्रत्येक पायरी यांपैकी एकाला तरी हात घालते.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या आणि रोज सकाळी चहा घेताना पाच गोष्टी लिहा: अंथरुणात कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडले. संध्याकाळी आणखी तीन: दुपारी किती झोपलो, चहा-कॉफी कधी घेतली, रात्रीचे जेवण कधी झाले. घड्याळाकडे न बघता, अंदाजानेच लिहायचे आहे. मनगटावरच्या पट्ट्या आणि मोबाइलमधली झोपमोजणी या कामासाठी वापरू नका. जागेपण मोजण्यात ती यंत्रे कच्ची असतात, आणि सकाळी उठून आकडा बघायची धास्ती झोपेला वेगळीच बाधते.

वहीतून काय निघते त्याचे एक उदाहरण देते. माझी आत्या डिचोलीला राहते, शाळेतून निवृत्त झाली आहे. "अगं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही," हे तिचे कायमचे म्हणणे. तिच्याकडून आठवडाभर वही लिहून घेतली. रात्री साडेनऊला, बातम्या संपल्या की, काकांच्या बरोबरीने तीही आडवी होई. पहाटे साडेपाचला उठे. म्हणजे अंथरुणात आठ तास. त्यात प्रत्यक्ष झोप भरली सरासरी साडेपाच तास. पण दुपारच्या रकान्यात रोज दीड ते तीन लिहिलेले होते. साडेपाच अधिक दीड, सात तास. तिच्या वयाला ही झोप पुरेशी होती, फक्त तिचा एक मोठा तुकडा दुपारी खर्च होत होता आणि उरलेली झोप आठ तासांवर पसरून विरळ झाली होती. हे कागदावर दिसेपर्यंत तिला पटत नव्हते. पटल्यावर तिची निम्मी भीती तिथेच गेली.

उठायची वेळ बांधा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हीच गाळतात. रात्र कशीही गेली असो, रविवार असो की सुट्टी, उठायची वेळ एकच ठेवा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते. उठायची असते. साडेपाच ठरवले तर साडेपाच. रात्री उशिरा झोप लागली म्हणून आठपर्यंत लोळलात तर पुढच्या रात्रीचा झोपेचा दाब अडीच तासांनी मागे पडला.

आपल्याकडे याची परीक्षा उत्सवात होते. देवळातले नाटक रात्री उशिरा उभे राहते, काल्याच्या दिवसांत दशावतार पहाटेपर्यंत चालतो, आणि ते चुकवावे असे मी कुणालाही सांगणार नाही. जा, बघा, पण दुसऱ्या दिवशी फार तर तासभर उशिरा उठा आणि दुपार जागून काढा. एका रात्रीची कमतरता पुढच्या रात्रीच्या गाढ झोपेत शरीर बऱ्यापैकी भरून काढते.

उठल्यावर अर्ध्या-एक तासाच्या आत उघड्यावर जा. वीस-तीस मिनिटे पुरतात. फुले काढा, अंगण झाडा, पोई म्हणजे आपला पाव आणायला चालत जा, पणजीत असाल तर मिरामारला एक फेरी मारा. जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडते, जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, त्याप्रमाणे वेळ मागेपुढे करा. पावसाळ्यात लोक विचारतात, ऊनच नाही तर कसला उजेड? उजेड लक्समध्ये मोजतात, आणि ढगाळ सकाळीही उघड्यावर तो काही हजार लक्स असतो. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे भरले तरी पुष्कळ. पागोळ्यांखाली ओसरीवर बसून चहा घेतला तरी खिडकीआडच्या बसण्यापेक्षा कितीतरी बरे. याच फेरीत चालणे होते, आणि नियमित चालण्याने झोप सुधारते हे वेगळे. धापा टाकायला लावणारा व्यायाम मात्र झोपायच्या आधीच्या तासा-दीड तासात नको.

दुपारच्या झोपेचा प्रश्न

एक-दीडला शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची कढी, पोटात गेले की गोव्यात सगळ्यांचेच डोळे जड होतात. दुकानांची शटरे चारपर्यंत खाली असतात, रस्ते ओस पडतात. दुपारची वामकुक्षी ही इथल्या उन्हाला आणि दमटपणाला शोधलेली शहाणी सोय आहे, आणि ज्याला रात्रीही छान झोप लागते त्याने ती मुळीच सोडू नये. पण रात्री जागणाऱ्याला ती महाग पडते. संध्याकाळी सहाला पोटभर भजी खाऊन आठच्या जेवणाला भूक मागावी, तसे ते आहे.

तेव्हा निदान चार-सहा आठवडे दुपारची झोप बंद ठेवा. अगदीच जमत नसेल तर अडीचच्या आत, गजर लावून, वीस मिनिटे, आणि तीही आरामखुर्चीत, अंथरुणावर नको. पहिले आठ-दहा दिवस दोन ते तीन हा तास जाता जात नाही. त्या वेळेसाठी हाताचे काम आधीच ठरवून ठेवा. आत्याने सुपारी कातरणे, नारळ सोलणे, आमसुले निवडणे अशी बसल्या जागची कामे आधी करून बघितली आणि बसल्या बसल्या डुलक्या आल्या. मग तिने बाजाराची फेरीच सव्वादोनला, सावलीच्या बाजूने, चालत लावली, ते जमले. दुपारचे जेवण दोन घास कमी करण्याचाही उपयोग होतो. मात्र ज्यांना दुपारनंतर गाडी चालवायची आहे किंवा यंत्रावर काम करायचे आहे त्यांनी पेंग अंगावर काढू नये. तिथे वीस मिनिटांची झोप घेणेच योग्य.

चहा-कॉफीचा हिशोब

कॅफीन मेंदूतल्या ॲडेनोसिनची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचला घोटलेल्या चहातून ४०-५० मिलिग्रॅम घेतले तर रात्री दहा-अकरालाही त्यातले अर्धे आत असते. साडेसातला पाहुणे आले म्हणून आणखी एक कप झाला की संपलेच. गरोदरपणात कॅफीन फारच सावकाश बाहेर पडते. २०१३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटली होती, आणि "मला चहाने काही होत नाही" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. झोप लागते, पण तिचा कस जातो.

निद्रानाश असेल तर शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. कोला, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असते. दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्याने एकदम तोडू नये, डोके ठणकते. दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. संध्याकाळच्या चहाची खरी ओढ कपाची कमी आणि त्या बसण्याची जास्त असते, तेव्हा बसणे मोडू नका. धने-जिऱ्याचा गरम काढा, कोकम सरबत, ताक, गवती चहाची पाती नुसत्या पाण्यात उकळून, काहीही चालेल. गवती चहात चहापूड टाकली नाही तर कॅफीन नसते.

रात्रीचे जेवण

आपल्या बऱ्याच घरांत मालिका संपल्यावर, साडेनऊ-दहाला ताटे मांडली जातात आणि साडेदहाला माणसे आडवी होतात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल घशाकडे चढते. कित्येकदा छातीत जळजळ जाणवतही नाही, नुसती जाग येते आणि माणूस म्हणतो, का कुणास ठाऊक, दोन वाजता डोळे उघडले. आठच्या आत जेवण झाले तर यातले पुष्कळसे थांबते. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती बाजू १५-२० सेंटिमीटर उचलावी आणि डाव्या कुशीवर झोपावे. नुसती एकावर एक उशी रचून मान दुखते, आम्ल थांबत नाही.

मासे सोडायची काही गरज नाही. पण रव्यात घोळून तळलेले इसवणाचे तुकडे, शाकुती, झणझणीत आमोटी दुपारच्या ताटात न्या. रात्री मुगागाठी, वरण, तांबडी भाजी, दुधीची भाजी, थोडे शीत किंवा एखादी पोई, एवढे पुरे. सोलकढी पचायला चांगली, पण आंबट आणि त्यात नारळाचा रस, म्हणून पित्त उसळणाऱ्याने ती दुपारीच घ्यावी. उकड्या तांदळाची पेज रात्रीला उत्तमच. मधुमेह असेल तर मात्र पेजेचे प्रमाण बेताचे ठेवून सोबत उसळ किंवा अंडे घ्यावे.

माझ्या मते रात्रीच्या हलक्या खाण्यात नाचणीच्या तिजाणाला तोड नाही, आणि ते घराघरांतून मागे पडत चालले आहे याचे वाईट वाटते. चार चमचे नाचणीचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहता कालवून घ्या. दोन वाट्या पाणी चिमूटभर मीठ टाकून उकळत ठेवा, त्यात हे कालवण धार धरून सोडा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत रंग गडद होतो, वर चकाकी येते, पळीवरून दाटसर ओघळते. मग उतरवून थोडे ताक घाला, नाहीतर गुळाचा खडा आणि दोन चमचे नारळाचे दूध. पोट भरते, जड होत नाही, आणि चावायचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनाही चालते.

उपाशीपोटी झोपणेही बरे नाही. एकादशीला, सोमवारी नुसत्या साबुदाण्यावर राहिलेल्यांना पहाटे तीनला भुकेने जाग येते. अशा रात्री झोपायच्या तासभर आधी एखादे रसबाळी केळे किंवा कपभर दूध घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला मध्यरात्री घामाने डबडबून, छातीत धडधडून जाग येत असेल तर ती रक्तातली साखर उतरल्याची खूण असू शकते. त्या वेळी साखर तपासा, कमी असेल तर लगेच गोड काही खा, आणि डॉक्टरांना सांगा. स्वतःच उपास किंवा डोस बदलू नका.

दुधाचे म्हणाल तर चरकसंहितेने झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे. दुधात ट्रिप्टोफॅन असते, शरीर त्यापासून मेलाटोनिन बनवते, पण कपभर दुधात ते थेट झोप येण्याइतके नसते, तरी रोज ठरल्या वेळी घेतलेले कोमट दूध पोटाला शांत करते आणि आता दिवस संपला हे शरीराच्या अंगवळणी पडते. ज्यांना दुधाने पोट फुगते त्यांनी घेऊ नये. जायफळ दुधात चिमूटभरच. ते औषधी आहे म्हणून चमचा-दोन चमचे पूड घेतली तर उलट्या, धडधड, भ्रम असा खरा विषार होतो. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते या कामासाठी देऊच नये. पाणी दिवसा भरपूर प्या आणि रात्री आठनंतर हात आखडा, म्हणजे लघवीसाठी उठणे कमी होईल.

दारूबद्दल स्पष्टच

मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक येतो, बाकी वर्षभर फेणी आणि बिअर आहेच, आणि "थोडी घेतली की झोप छान लागते" हे मी अनेकांकडून ऐकले आहे. लागते खरी. पण दारू उतरू लागली की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते, स्वप्नांची झोप कमी होते, लघवीला उठावे लागते, घोरणे वाढते. काही आठवड्यांत तेवढ्याने भागेनासे होते आणि माप वाढते. झोपेसाठी दारू घेऊ नका. दारू आणि झोपेची गोळी एकत्र तर कधीही नाही, त्याने श्वास थांबून जीव जाऊ शकतो. रोज बरीच घेणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके असे त्रास होऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे.

खोली, उकाडा आणि आवाज

झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. एप्रिल-मेच्या दमट रात्री घाम वाळतच नाही, म्हणून ते उतरत नाही. पंखा अंगावरून वारा जाईल असा ठेवा, सुती चादर वापरा, जुन्या घरात खालच्या गार जमिनीवर चटई टाकून झोपण्यात काही कमीपणा नाही. झोपायच्या एक-दोन तास आधी सोसेल इतक्या गरम पाण्याने दहा मिनिटे अंघोळ करा. उन्हाळ्यात हे उलटे वाटेल, पण गरम पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त येते आणि आतली उष्णता बाहेर पडते, त्यामुळे झोप लवकर लागते असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. पावसाळ्यात गाद्या ओल धरतात, बुरशीचा वास येतो, नाक चोंदते आणि तोंडाने श्वास घेत माणूस रात्र काढतो. दोन तासांची उघडीप मिळाली तरी गादी-उशा उन्हात टाका. डासांसाठी मच्छरदाणी सगळ्यांत चांगली, धुराच्या वड्यांनी घसा खवखवतो.

आवाजाचे आपल्याकडचे दुखणे मोठे आहे. किनारपट्टीवरच्या गावांत रात्री-बेरात्री ठणाणणारे संगीत लोकांनी न्यायालयापर्यंत नेले आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे, आणि वर्षातल्या मोजक्या दिवशीच सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. तक्रार ११२ वर करता येते. ती करा, झोप ही चैन नाही. तोवर कानात बोळे आणि पंख्याचा एकसुरी आवाज कामी येतो.

अंथरुणाशी नाते सुधारा

रात्री साडेआठनंतर हॉलमधली पांढरी ट्यूब बंद करून पिवळा, मंद दिवा लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, गजरासाठी साधे घड्याळ, तेही तोंड फिरवून. पडल्या पडल्या वेळ बघितली की मन वजाबाकी करत बसते.

काळजीसाठी संध्याकाळची वेळ राखून ठेवा. सातच्या सुमारास पंधरा मिनिटे बसून डोक्यातले सगळे कागदावर उतरवा: कर्जाचा हप्ता, मुलाची नोकरी, वडिलांची तपासणी, आणि प्रत्येकापुढे उद्या करायची एक बारीकशी कृती. झोपताना उद्याच्या कामांची यादी पाच मिनिटे लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, असे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात आढळले होते. तिथे मोबाइल नव्हे, कागदच वापरा.

आता खरा नियम. झोप आली तरच अंथरुणात जा. थकवा आणि झोप वेगळे. जांभया येणे, डोळे मिटणे, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणे ही झोप. आडवे झाल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, किंवा चिडचिड होऊ लागली, तर उठा आणि दुसऱ्या खोलीत जा. मंद दिव्यात शांत, थोडे कंटाळवाणे काही करा. कपड्यांच्या घड्या, अबोलीचा वळेसर, जुने मासिक, हरिपाठ, जप. डोळे जड झाले की परत या. पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठा. पहिल्या रात्री चार-चार वेळा उठावे लागेल आणि घरचे म्हणतील, पडून तरी राहा, अंगाला विश्रांती मिळेल. त्यांचे ऐकू नका. तासन्‌तास जागे पडून राहिल्याने मेंदू अंथरूण आणि जागेपण यांची गाठ मारून टाकतो, आणि ती सोडवायची आहे. रिचर्ड बुट्झिन यांनी ही पद्धत १९७२ मध्ये मांडली, आणि निद्रानाशाच्या उपचारांत ती आजही पायाभूत आहे. अंथरुणात बसून जेवणे, हिशोब करणे, फोनवर बोलणे हेही त्याच कारणाने बंद. पडल्यावर श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांब सोडा, चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर. झोप यावी म्हणून करायचे नाही, अंग सैल व्हावे म्हणून करायचे. वयस्क आणि तोल जाणाऱ्या माणसांसाठी वाटेत रात्रीचा बारीक दिवा ठेवा.

अंथरुणातली वेळ आवळणे

दोन-तीन आठवडे वरचे सगळे करूनही रात्र तुटतच असेल तर ही पायरी घ्या. हिला थोडी जिद्द लागते. आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये मांडली. कल्पना अशी की जितकी झोप प्रत्यक्षात लागते तितकाच वेळ अंथरुणात काढायचा, म्हणजे विरळ झालेली झोप घट्ट होते.

आत्याचेच आकडे घेऊ. झोप साडेपाच तास, अंथरुणात आठ. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी सुमारे ६९ टक्के झोप. उठायची वेळ साडेपाच कायम. वय लक्षात घेऊन अर्ध्या तासाची सवलत दिली आणि अंथरुणातले सहा तास ठरले, म्हणजे रात्री साडेअकरापूर्वी आडवे व्हायचे नाही. आठवडाभर वही लिहायची. झोप ८५ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे सहा तासांत पाच तास सहा मिनिटांहून अधिक भरली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे घ्यायची. ८० ते ८५ च्या मध्ये असेल तर आहे तशी ठेवायची. ८० च्या खाली गेली तर पंधरा मिनिटे पलीकडे. दर आठवड्याला हाच हिशोब, दिवसा ताजेतवाने वाटू लागेपर्यंत. पण कुणीही अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली नेऊ नये.

आत्याला सगळ्यांत जड गेले ते साडेनऊ ते साडेअकरा. काका झोपलेले, टीव्ही बंद, घर शांत. पहिले काही दिवस ती सोफ्यावर पेंगली, मग उभ्याने करायचे काम काढले, उद्याची भाजी निवडणे, देवाची भांडी घासणे. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री जाग येणे कमी झाले. हळूहळू वेळ अलीकडे सरकत आता ती पावणेअकराला झोपते.

पहिले दोन आठवडे दिवसा झापड येते, म्हणून त्या काळात लांबचे वाहन चालवू नका. फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत श्वास अडकणारे, गरोदर स्त्रिया, आणि चालक किंवा यंत्रावर काम करणारे यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

रात्रपाळी असेल तर

हॉटेल, कॅसिनो, वेर्ण्याचे कारखाने, इस्पितळे, कितीतरी गोवेकर रात्री काम करतात आणि त्यांना वरचे वेळापत्रक लागू होत नाही. त्यांनी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच चहा-कॉफी घ्यावी, मध्यरात्री जड जेवू नये, घरी परतताना काळा चष्मा लावावा, खोलीला जाड पडदे लावावेत आणि झोपेचा मोठा तुकडा रोज एकाच वेळी घ्यावा. दुचाकीवर डुलकी येत असेल तर बस किंवा सोबत्याची गाडी. घरच्यांनी त्या वेळी मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवणे हीच त्यांची मदत.

गोळ्या आणि काढे

अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात, पण शेजारणीच्या पाकिटातली घेऊ नका. सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन हाड मोडते. आणि महिनोन्महिने घेत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवून देतात. अश्वगंधा काहींना लागू पडते, पण थायरॉइडचे औषध घेणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून वर्तन आणि विचार बदलण्याची पद्धत, म्हणजे सीबीटी-आय असावी. अंथरुणाचा नियम, वेळ आवळणे, काळजीची वही हे सारे तिचेच भाग आहेत.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहणे, दिवसा बसल्या जागी झोप लागणे. संध्याकाळी पायांत मुंग्या-कळ येऊन ते हलवावेसे वाटणे, जे बऱ्याचदा लोह कमी असल्याने होते. वजन उतरून छाती धडधडणे, म्हणजे थायरॉइड तपासायला हवे. चाळिशी-पन्नाशीत रात्री अंगातून वाफा निघून जाग येणे, ज्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत आणि बायका उगाच सोसत राहतात. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन खिन्न राहणे, कशात रस न वाटणे. यांपैकी काही असेल तर आधी तपासणी.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि जवळच मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळे आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा, तो दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे. डॉक्टरांकडे जाताना झोपेची वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि शक्य असेल तर त्याच खोलीत झोपणारे घरचे माणूस सोबत न्या, कारण आपण घोरतो की नाही हे त्यालाच ठाऊक असते.